दीडशे दिवसांचं पाणी

पाठीमागचा पोलादी दरवाजा घरंगळत बंद होतो. समोर गुहा, मिट्ट काळोख आणि मांजराएवढे उंदीर. दरवाजापासून चार पावलांवर एक सांगाडा पडलेला आहे. त्याच्यावर माउस नेला की पडद्याच्या कोपऱ्यात माहिती उमटते: हा एड, आणि हा मेलेला आहे. आधी बाहेर पडलेल्याचं काय झालं, हे सांगायला गेम याहून जास्त शब्द खर्च करत नाही.

खेळणाऱ्याजवळ एक पिस्तूल, थोड्या गोळ्या आणि मनगटावर हिशेब ठेवणारं एक यंत्र. काम एकच. जमिनीखालच्या ‘व्हॉल्ट १३’ या वसाहतीत पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची चिप निकामी झाली आहे, ती कुठून तरी मिळवून आणायची. साठा दीडशे दिवस पुरेल. जवळच्या दुसऱ्या वसाहतीत बघ, एवढंच पाठवणारा सांगतो. तिथं ती नसते.

ऑक्टोबर १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंटरप्ले कंपनीनं बाजारात आणलेल्या ‘फॉलआउट’ या कॉम्प्युटर गेमची ही सुरुवात. फॉलआउट म्हणजे अणुस्फोटानंतर आकाशातून खाली बसणारी किरणोत्सारी धूळ. गेममधल्या इतिहासानुसार २३ ऑक्टोबर २०७७ रोजी जग दोन तासांत बेचिराख झालं, आणि खेळणारा २१६१ साली पहिल्यांदा उजेडात येतो. २०२४ मध्ये प्राइम व्हिडिओवर याच जगाची मालिका आली, तेव्हा मराठी घरांतल्या तरुणांनीही ती पाहिली. पण मूळ गेम काय होता, याबद्दल मराठीत कुठं काही छापून आल्याचं सहसा दिसत नाही.

मराठी वर्तमानपत्रांत नाटकाचं परीक्षण येतं, सिनेमाचं येतं, आता वेब सीरिजचंही येतं. कॉम्प्युटर गेम मात्र गुन्ह्याच्या बातमीत भेटतो, नाहीतर मुलांच्या डोळ्यांची काळजी वाहणाऱ्या आरोग्य पुरवणीत. ‘गेमिंग’ हा शब्दच आता रमी आणि पैसे लावून खेळायच्या क्रिकेटनं बळकावला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, ती योग्यच. पण त्या गदारोळात गेम म्हणजे एक तर जुगार नाहीतर पोरखेळ, ही समजूत आणखी घट्ट झाली. ती किती तोकडी आहे, हे पाहायला ‘फॉलआउट’सारखं उदाहरण नाही. एखादं चांगलं नाटक जसं प्रेक्षकाला अडचणीत पकडतं, तसं हा गेम खेळणाऱ्याला पकडतो. फरक एवढाच, की इथं चूक रंगमंचावरच्या माणसाची नसते, स्वतःची असते.

तो घडला कसा, हीही गंमत आहे. १९९४ च्या सुमारास इंटरप्लेमध्ये टिम केन हे प्रोग्रामर एकटेच एका नव्या गेमचं इंजिन लिहीत बसले होते. हाताशी माणसं नव्हती. त्यांनी शक्कल लढवली. ऑफिस सुटल्यावर मीटिंगच्या खोलीत पिझ्झा मागवायचा आणि ज्याला नव्या गेमबद्दल बोलायचंय त्यानं यावं, असा निरोप कंपनीभर फिरवायचा. पिझ्झ्यासाठी आलेल्यांतले काही कायमचे राहिले. सुरुवातीच्या कल्पनांमध्ये कालप्रवास होता, डायनोसॉरही होते. नशिबानं ते सगळं गळालं. लिओनार्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन या चित्रकारांनी गेमला रूप दिलं, ख्रिस्तोफर टेलर यांनी आराखडा बांधला. मधल्या काळात कंपनीला दुसऱ्या मोठ्या मालिकांचे हक्क मिळाले आणि हा प्रकल्प गुंडाळावा असंही ठरत आलं होतं. केन यांनी अक्षरशः विनवण्या करून तो वाचवला.

पूर्वपीठिका होती ती ‘वेस्टलँड’ची. ब्रायन फार्गो यांच्या याच इंटरप्लेनं १९८८ मध्ये केलेला तो गेम. डिस्कवर जागा इतकी कमी, की गोष्टीतले परिच्छेद वेगळ्या पुस्तिकेत छापून दिले होते. अमुक ठिकाणी पोचलात की तमुक क्रमांकाचा परिच्छेद वाचा. आगाऊपणानं पुढचं वाचणाऱ्यांना फसवायला त्यात काही परिच्छेद चक्क खोटे घुसडलेले. ‘वेस्टलँड’चे हक्क दुसऱ्या कंपनीकडे होते आणि ते परत मिळेनात, म्हणून नवं जग उभं करावं लागलं.

नियम उसने होते. स्टीव्ह जॅक्सन यांच्या कंपनीची ‘गर्प्स’ ही टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायच्या खेळांची नियमावली वापरायची, असा करार झाला होता. १९९७ मध्ये, गेम पुरा होत आलेला असताना, तो मोडला. केन सांगतात त्याप्रमाणे जॅक्सन यांना गेमच्या सुरुवातीची चित्रफीत आणि चित्रांची धाटणी पटली नाही. त्या चित्रफितीत चिलखतधारी सैनिक बांधलेल्या माणसाला गोळी घालतो आणि कॅमेऱ्याकडे बघून मजेत हात हलवतो. साधारण दोन आठवड्यांत नवी नियमावली लिहून काढावी लागली. ऐन वेळी दुसऱ्याच्या मांडवात लग्न उरकावं तसला प्रकार. पण हीच घाईघाईची ‘स्पेशल’ नावाची पद्धत पुढं पंचवीसहून अधिक वर्षं टिकली.

ती आहे अगदी साधी. ताकद, नजर, चिवटपणा, छाप पाडण्याची हातोटी, अक्कल, चपळाई आणि नशीब असे सात गुण. प्रत्येकाला पाच-पाच अंक आधीच दिलेले, वर पाच अंक आपल्या मर्जीनं वाटायचे, कमाल मर्यादा दहा. शिवाय अठरा कौशल्यं: नेमबाजीपासून कुलूप उघडण्यापर्यंत, वैद्यकीपासून जुगारापर्यंत, आणि त्यात एक बोलण्याचं. वाटणी केली की माणूस तयार. आता हा कागदी हिशेब गेम किती मनावर घेतो ते पाहण्यासारखं आहे. कुणी मजा म्हणून अक्कल तीनवर आणली, की त्याच्या पात्राला धड बोलताच येत नाही. समोरचा गावप्रमुख मोठ्या अगत्यानं स्वागत करतो आणि आपल्याला उत्तरादाखल हुंकारांतूनच निवड करावी लागते. लोक कीव करतात, हाकलून देतात, बहुतेक कामं कुणी सांगतच नाही. हे सगळं वेगळं लिहायला किती खपावं लागलं असेल! तेही मूठभर खेळणाऱ्यांसाठी.

दिसायलाही गेम त्या काळच्या इतरांसारखा नव्हता. बोयार्स्की यांची कल्पना अशी, की हे आपलं भविष्य नव्हेच. १९५० च्या दशकातल्या अमेरिकेनं रंगवलेलं भविष्य आहे, आणि ते जळून गेलं आहे. म्हणून मोटारींना माशासारखे पंख, रेडिओत काचेच्या नळ्या, यंत्रमानव पत्र्याचे. पडद्यावर ‘इंक स्पॉट्स’ या जुन्या गायकवृंदाचं ‘मेबी’ हे हळवं गाणं सुरू असतं आणि कॅमेरा मागं सरकत सरकत उद्ध्वस्त शहर दाखवतो. त्या दशकात अमेरिकी शाळांत मुलांना ‘डक अँड कव्हर’ नावाची फिल्म दाखवत. कासव जसं कवचात शिरतं तसं बॉम्ब पडला की बाकाखाली शिरा, असा तिचा उपदेश. गेममधला सदा हसणारा, अंगठा उंचावणारा सोनेरी केसांचा व्हॉल्ट बॉय त्याच सरकारी आशावादाचा भाऊबंद आहे. पाय तुटला तरी माहितीच्या पानावर त्याचं हसरं चित्र असतं. विनोद आहेच, पण घशात अडकणारा.

आता पाण्याकडे यावं. चिप शोधता शोधता खेळणारा ‘हब’ नावाच्या बाजारपेठेत पोचतो. तिथं पाण्याचे व्यापारी आहेत. चलन म्हणून बाटल्यांची झाकणं चालतात आणि त्या झाकणांना किंमत आहे ती या व्यापाऱ्यांच्या पाण्यामुळे. पैसे मोजले तर ते आपल्या वसाहतीकडे पाण्याचा तांडा पाठवतात. मुदत शंभर दिवसांनी वाढते. मराठवाड्यातल्या वाचकाला टँकर आणि टँकरवाले वेगळे समजावून सांगायला नकोत. इथली मेख पुढं आहे. तांडा गेला म्हणजे वाट माहीत झाली. जी वसाहत कुणाला ठाऊक नव्हती म्हणून ८४ वर्षं सुरक्षित राहिली, तिचा पत्ता बाहेर फुटतो आणि शत्रू तिच्यापर्यंत लवकर पोचतो. गेम हे दटावून सांगत नाही. आपण शहाणपणा केला अशा समजुतीत खेळणारा पुढं चालू लागतो.

चिप सापडते ती ‘नेक्रोपोलिस’मध्ये. खऱ्या बेकर्सफील्ड शहराच्या अवशेषांवरची ही वस्ती. किरणोत्सारानं कातडी झडलेली, तरी मरता न आलेली माणसं तिथं राहतात. चिप त्यांच्या पायाखालच्या व्हॉल्टमध्ये आहे आणि तिच्यावरच त्यांचं पाणी चालतं. उचलली तर आपली माणसं जगतील, ही मरतील. एक तिसरी वाट आहे. वर एक मोडका पंप पडलाय, गटारांतून त्याचे सुटे भाग शोधायचे, दुरुस्ती करायची. त्यासाठी दुरुस्तीचं कौशल्य आधी कमावलेलं हवं, नाहीतर त्यावरची पुस्तकं वाचलेली हवीत. घड्याळ चालूच असतं. घाईत चिप घेऊन निघून जाणाऱ्याला कुणी अडवून जाब विचारत नाही. गेम संपल्यावर, शेवटच्या चित्रांच्या मालिकेत, नेक्रोपोलिसचं काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं जातं. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

शेवटच्या चित्रांचीच एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जंकटाउन या गावात दोघांचं वैर आहे: किलियन हा दुकानदार-कोतवाल आणि गिझ्मो हा जुगारअड्ड्याचा मालक. गिझ्मोनं किलियनवर मारेकरी घातला, त्याची कबुली चोरून टेप करून आणायचं काम मिळतं. मूळ आराखड्यात उफराटा न्याय होता. सरळमार्गी किलियनला जिंकवलं, तर त्याच्या कडक शिस्तीखाली गाव आक्रसत जाणार. लबाड गिझ्मोला जिंकवलं, तर स्वार्थापोटी का होईना तो गाव भरभराटीला आणणार. हे बदलण्यात आलं. चांगल्याला चांगलं फळ मिळालं पाहिजे, असं ठरलं. गेमच्या इतिहासातली ही एक हुकलेली संधी म्हणायला हवी. अशा तडजोडी सिनेमात झाल्या की समीक्षक वर्षानुवर्षं हळहळतात. इथं हळहळायलाही कुणी नव्हतं.

‘फॉलआउट’चं खरं मोठेपण मात्र खलनायकाच्या खोलीत दिसतं.

त्याला ‘मास्टर’ म्हणतात. कधीकाळी माणूस होता. प्रयोगशाळेतल्या विषाणूच्या हौदात पडला आणि मांस, तारा, पडदे यांचा एक लगदा होऊन बसला. तो बोलतो तेव्हा एकाच वाक्यात पुरुषाचा, बाईचा आणि यंत्राचा आवाज आलटून पालटून येतो. त्याचं म्हणणं वेडगळ नाही. माणसामाणसांत भेद आहेत म्हणून युद्धं होतात. सगळ्यांना त्याच हौदात बुडवून एकाच धिप्पाड, किरणोत्साराला न जुमानणाऱ्या जातीत बदललं की भेद संपतील, युद्धंही संपतील. वाटेत जे मरतील ते मरतील.

त्याला बंदुकीनं मारता येतं. त्याच्या तळघरात बॉम्ब उडवता येतो. किंवा त्याच्याशी बोलता येतं. ‘ब्रदरहूड ऑफ स्टील’ या गटाच्या किल्ल्यात व्री नावाची एक संशोधक असते. तिनं या नव्या जातीच्या मृतदेहांची चिरफाड केली आहे आणि ते सगळे वांझ आहेत, असा तिचा अहवाल आहे. ती डिस्क जवळ असली, अक्कल पुरेशी असली आणि बोलण्याचं कौशल्य कमावलेलं असलं, तर ती मास्टरपुढं ठेवता येते. तो आधी धुडकावतो. मग तपासतो. मग त्याचे तिन्ही आवाज अडखळायला लागतात. आपण जे केलं ते कशासाठीच नव्हतं, हे त्याच्या ध्यानात येतं, आणि तो स्वतःच सगळं उडवून द्यायची तयारी करून खेळणाऱ्याला निघून जायला सांगतो. हजारोंचा जीव घेतलेला माणूस पुराव्यापुढं मान तुकवतो. असा खलनायक मराठी नाटककाराला मिळाला असता तर त्यानं तीन अंक लिहिले असते.

आणि एवढं करून परतल्यावर? व्हॉल्टचा प्रमुख दारातच थांबवतो. तू आम्हाला वाचवलंस, पण तू बदललायस. तुला आत घेतलं तर पोरं तुझ्यामागं बाहेर जातील आणि ही वसाहत मोडेल, असं काहीसं सांगून तो दार लावून घेतो. नायक पाठ फिरवून वाळवंटात चालू लागतो. पुन्हा तेच हळवं गाणं. वनवासातून परतल्यावर राज्याभिषेक होतो हे आपल्या कानावर लहानपणापासून पडलेलं. इथं वनवास परतल्यावर सुरू होतो.

गेम निर्दोष होता असं नव्हे. सोबतीला येणारा इयन मागून गोळ्यांची फैर झाडतो, तेव्हा शत्रूपेक्षा आपल्याच पाठीला जास्त लागतात, ही जुन्या खेळणाऱ्यांची कायमची तक्रार. डॉगमीट हा गुणी कुत्रा एका तळावर विजेच्या पडद्यात शिरून मरतो, त्याला आवरायला काहीच बटण नाही. अरुंद दारात सोबती उभा राहिला की आपण आत कोंडले जातो. पाण्याखेरीज व्हॉल्टवर शत्रूचा हल्ला होण्याचीही एक मुदत होती; ती इतकी जाचक ठरली, की कंपनीला नंतरच्या दुरुस्तीत ती सैल करावी लागली. युरोपातल्या आवृत्तीतून लहान मुलांची पात्रं गायब केली गेली, कारण त्यांनाही इजा करता येत होती.

पुढचा भाग १९९८ मध्ये आला. त्याआधीच केन, बोयार्स्की आणि अँडरसन कंपनी सोडून गेले होते. त्यांची स्वतःची ‘ट्रॉइका’ २००५ मध्ये बंद पडली. इंटरप्ले कर्जात बुडाली आणि २००७ मध्ये ‘फॉलआउट’चे हक्क ५७ लाख ५० हजार डॉलरना बेथेस्डा कंपनीकडे गेले. २००८ चा तिसरा भाग देखणा होता, भटकायला अफाट होता. पण बोलण्याच्या पर्यायासमोर यशाची टक्केवारी छापलेली आली. वाद घालायचा सोडून लोक फासे टाकू लागले. २०१५ च्या चौथ्या भागात तर उत्तरं चारवर आली. मधला २०१० चा ‘न्यू व्हेगस’ तेवढा मूळच्या वळणावर गेला. त्यात धरणावरच्या अखेरच्या सेनापतीला शब्दांनी परतवता येतं.

त्या तिसऱ्या भागाचा भारताशी संबंध आला तो विचित्र. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की भारतातल्या सांस्कृतिक संवेदनशीलतेचा विचार करून हा गेम इथं आणला जाणार नाही. नेमकं कशामुळे, ते सांगितलं नाही. सगळ्यांचं बोट गेममधल्या दोन डोक्यांच्या गाईकडे गेलं, कारण तिचं नाव ‘ब्राह्मिन’. ती १९९७ पासून तिथं चरत होती. अमेरिकेत ‘ब्राह्मन’ नावाची वशिंडाची गाय खरोखर आहे, गेममधलं नाव तिच्यावरूनच आलं असावं. ती जात भारतातून नेलेल्या गुरांपासून तयार केली: कांकरेज, ओंगोल, गीर आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णाखोरे. सांगली-कोल्हापूरकडच्या बैलाचं रक्त घेऊन गाय टेक्सासला गेली, तिथून एका कल्पित वाळवंटात पोचली, आणि मायदेशी यायची वेळ आली तेव्हा दारातच अडली. गेम खेळून कुणी नाराज झालं असतं तर निदान वाद तरी झाला असता. इथं न खेळताच निकाल लागला. १९९७ च्या मूळ गेममध्ये शेडी सँड्स या पहिल्याच गावचा प्रमुख अरादेश बोलता बोलता ‘धर्म’ नावाच्या विचारवंताचे दाखले देतो, याकडे मात्र कुणी पाहिलं नाही.

गेम ही नाशिवंत गोष्ट आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार तिथं २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. इंटरप्ले सोडताना जवळच्या सगळ्या प्रती नष्ट करायला लावल्या, असं केन यांनी सांगितलं आहे. मूळ कोड गेला असंच धरून चाललं होतं. मग २०२५ मध्ये इंटरप्लेच्या सहसंस्थापक रिबेका हाइनमन यांनी सांगितलं, की पहिल्या दोन्ही भागांचा कोड त्यांनी जपून ठेवलाय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. एका बाईच्या टापटिपीवर एवढं मोठं काम तगलं.

मराठी संपादकांनी रविवारच्या पुरवणीत एक कोपरा या माध्यमाला द्यावा. परीक्षण लिहिणारे सापडतील. ज्यांनी कॉलेजच्या रात्री अशा गेमवर जाळल्या, ते आता चाळिशीला आलेत आणि त्यांतल्या कित्येकांना लिहिताही येतं. वाचकानं तोवर वाट पाहायचं कारण नाही. मूळ ‘फॉलआउट’ आज स्टीम किंवा जीओजी या ऑनलाइन दुकानांत सिनेमाच्या तिकिटाच्या आसपासच्या किमतीत मिळतो आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवरही चालतो. पहिल्यांदा खेळताना अक्कल आठच्या खाली ठेवू नये, बोलण्याच्या कौशल्यात कंजुषी करू नये, आणि इयनला नेहमी पुढं चालवावं. पाण्याची मुदत मात्र आजही दीडशे दिवसांचीच आहे.